लेकीच्या घरची भाकर

बाबा, तुम्ही गेलात त्या दिवशी आपल्या खोलीत चूल पेटली नाही. रीतच आहे तशी. शेजारच्या घरांतून कडू भाकर आली, पातळ वरण आलं, कुणी मिरचीचा ठेचा कागदात बांधून दिला. मी मायपुढं एक भाकर धरली तर ती माझ्या हातातच तुटली. कडेनं चिरा पडलेल्या, मधे कच्ची. जन्मभर वाशिमच्या बोर्डिंगात चाळीस-चाळीस पोरांना तुम्ही मऊ भाकर वाढलीत, आणि तुमच्या मरणाला ही असली आली. अशा वेळी लेकीला रडू फुटावं. मला राग आला. महिना होत आला तरी तो गेलेला नाही. आज तो सगळा तुमच्यापुढं मांडते. मधे बोलू नका. तसे तुम्ही बोलणारे होतात तरी कधी?

पहिलं भांडण चुलीपासूनच आहे. बोर्डिंगचा स्वयंपाक तुमचा, आणि त्या स्वयंपाकघराच्या मागची एक खोली आपली. माय सकाळीच शेतात निंदणाला जायची, म्हणून पोरांच्या तव्यावरचीच भाकर आपल्या ताटात यायची. मी दारात बसून बघायची. जात्यावरून कालच आलेलं पीठ, त्यात कोमट पाणी, आणि मग तळहाताच्या टाचेनं ते मळणं. तुम्ही इतकं मळायचात की मला वाटायचं, ह्या पिठाशी ह्यांचं काही जुनं वैर आहे. मग काठवटीत थापायचात, एका हातानं थापत आणि दुसऱ्या हातानं कड सावरत. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचात, उलटायचात, आणि चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांच्या आरावर उभी केली की ती टम्म फुगायची. दुपारची भाकर रात्री घडी घालून पाहिली तरी चीर पडत नव्हती. मी एकदा गोळा उचलला तर तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलात.

"तू वही घे. भाकर काय, कोनीबी थापते."

मी वही घेतली. सातवीला पहिली आले. आठवीला तुम्ही मला पोरींच्या शाळेत घातलंत, वस्तीतल्या बायका तोंडात बोट घालून बघत होत्या. मी मास्तरीण होणार हे तुम्ही बोर्डिंगात येईल त्याला सांगत होतात. आणि मग दहावीच्या वर्षी रिठदचं स्थळ आलं. घरची शेती, विहीर, मुलगा निर्व्यसनी. तुम्ही तीन दिवस गप्प होतात आणि चौथ्या दिवशी हो म्हणून मोकळे झालात. मी विचारलं, माझ्या शाळेचं काय? तुम्ही पिठाचा डबा उघडलात आणि पीठ घेत बसलात. म्हणजे बघा, मास्तरीण होऊ दिलं नाहीत, आणि भाकरही शिकवली नाहीत. एखाद्याला नदीच्या मधोमध नेऊन सोडावं आणि वर पोहता येत नाही म्हणून हसावं, तसं केलंत तुम्ही माझं.

हसल्या सासूबाई. पहिल्या दिवशी माझ्या भाकरीचे काठवटीतून उचलतानाच दोन तुकडे झाले. दुसरी तव्यावर फाटली. तिसरी निघाली, तर ती सासूबाईंनी गोठ्यात नेली आणि बैलापुढं धरली. बैलानं हुंगली आणि तोंड फिरवलं. शेजारच्या कौसाबाईला बोलावून त्यांनी तो प्रकार दुसऱ्यांदा करून दाखवला. बोर्डिंगच्या स्वयंपाक्याची लेक आणि बैल खात नाही अशी भाकर करते, हे रिठदच्या आमच्या वस्तीत वर्षभर पुरलं. मी खोटं कशाला बोलू, आज मलाही त्याचं हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. तेव्हा मी रात्री उशीत तोंड खुपसून तुम्हाला शिव्या देत होते.

मग तुम्ही आलात. लग्नाला चार महिने झाले होते. एसटी फाट्यावर सोडते, तिथून चालत आलात, खांद्यावर तीच पिशवी. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले आणि तुम्ही हात आडवा केलात. लेकीच्या घरचं पाणी बाप घेत नाही, लेकीला लेकरू होईपर्यंत. मी समजले थट्टा करता आहात. कारण छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परत आल्यावर घरातले सगळे देव टोपल्यात भरून नदीत सोडणारे तुम्हीच. गंडे, दोरे, नवस, उपास, सगळं एका दिवसात बंद करणारे तुम्हीच. आमच्या वस्तीत कुणी सटवाई पुजली तर तुम्ही घरी जाऊन समजावून यायचात. असा माणूस लेकीच्या तांब्याला हात लावत नाही, आणि का, तर रीत! मी तेव्हाच विचारलं होतं, ही रीत तेवढी टोपल्यात कशी बसली नाही? तुम्ही म्हणालात, हे देवाचं नाही, बापाचं आहे. एवढंच. 

आत जाऊन मी चुलीपुढं बसले. डोळ्यातलं पाणी पिठात पडू नये म्हणून मान वर करून थापत होते. तुम्ही बाहेर ओट्यावर, भिंतीला पाठ लावून. आणि भिंतीपलीकडून तुमचा आवाज आला.

"पानी कमी पडलं. आजूक मळ. आवाज कोरडा येऊन राह्यला."

तुम्हाला दिसत काहीच नव्हतं. तुम्ही नुसतं ऐकत होतात. थापण्याचा आवाज. पीठ नीट मळलेलं नसलं तर हात पडताना खटखट वाजतो, आणि मळलेलं असलं की तो ओला, जड पडतो, हे तुम्ही मला त्या दिवशी सांगितलंत. पुन्हा मळलं. तुम्ही म्हणालात, आता बरा आहे, पण कड आधी थाप, मधे नंतर. नंतर म्हणालात, पीठ कधीचं आहे? आठ दिवसांचं म्हटल्यावर चिडलात. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, चिकटपणा सुटतो, मग कुणाचा बापही ती भाकर उचलू शकत नाही. दोन दिवसांपुरतंच दळ. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या पहिल्यांदाच हसल्या नाहीत. त्या दिवशीची भाकर फुगली, बाबा. पूर्ण नाही, अर्धी. मी ती ताटात घालून, वर तुपाचं बोट फिरवून ओट्यावर आणली. तुम्ही तिच्याकडं बघितलंत, आणि उठून कौसाबाईच्या घरी जेवायला गेलात.

ह्याचा राग तुम्हाला कळला असेल का, मला माहीत नाही. जी बैलापुढं उभी राहून मला हसली तिच्या घरी. तिची भाकर चामड्यासारखी असते हे अख्ख्या वस्तीला माहीत. तुम्ही ती चावून चावून खाल्लीत, आणि तिला वर चांगली आहे म्हणालात. मी भिंतीआडून ऐकलं.

असं आठ वर्षं चाललं. तुम्ही वर्षातून तीन-चारदा यायचात, ओट्यावर बसायचात, भिंतीपलीकडून शिकवायचात आणि जेवायला कौसाबाईकडं जायचात. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर ती तांबडी मिलो ज्वारी आली तेव्हा गावात कुणाची भाकर जमेना. तुकडेच व्हायचे. लोक कण्या शिजवून खात होते. तुम्ही आलात आणि सांगितलंत, पाणी उकळव, त्यातच थोडं पीठ टाकून ढवळ, झाकून ठेव, मग बाकीचं पीठ त्यात मळ. हात भाजला तरी सोडू नको. माझी भाकर उचलली गेली. त्या साली वस्तीतल्या पंधरा बायका माझ्या चुलीपुढं येऊन शिकून गेल्या, सासूबाईंसकट. कौसाबाईसुद्धा. म्हणजे तुम्ही शिकवलेलं मी तिला शिकवलं आणि ते तुम्ही तिच्या घरी जाऊन खाल्लंत. माझ्या हातचं नाही.

आणि तुमच्या त्या नाही म्हणण्यात आणखी एक गोष्ट होती. ती तुमच्या ध्यानात आली नाही असं मी मानणार नाही. दरवेळी तुम्ही तांब्या परत केलात की सगळं घर माझ्या पोटाकडं बघायचं. एरवी सासूबाई विसरलेल्या असायच्या, हे तर कधी काही बोललेच नाहीत. तुम्ही आलात की आठवण व्हायची. माझा स्वतःचा बाप वर्षातून चारदा एसटीनं येऊन ओट्यावर बसून सांगून जायचा की हिला अजून लेकरू नाही.

भाकरी मात्र तुम्ही न्यायचात. मी धडप्यात आठ-दहा बांधून द्यायची. तुम्ही म्हणायचात, "पोट्ट्याइले देतो." मला वाटायचं, बरं, निदान बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटात तरी जातील. मायला विचारलं तर ती म्हणायची, तुझा बाप खात नाही तर मी कशी खाऊ?

आता ती शेवटची खेप. तुम्हाला वाटलं असेल मी ती गाळून टाकीन. ज्वारी नुकतीच निघाली होती, खळ्यावरून घरात आलेली, दाणा अजून ओलसर. त्या पिठाला जी विरी असते ती वर्षभरात पुन्हा येत नाही. मी तुमचा आवाज ऐकण्याआधीच मळलं, थापलं, आणि तुम्ही भिंतीपलीकडं गप्प. एक शब्द काढला नाहीत. चार भाकरी झाल्या तरी गप्प. म्हणजे चुकत नव्हतं काही. चारही पुरीसारख्या फुगल्या. मी त्यातली एक उचलली, ताट नाही, वाटी नाही, तशीच हातावर घेऊन बाहेर आले. म्हणाले, आज खा. तुम्ही टोपी घातलीत. मग मी ते बोलले जे आठ वर्षं बोलले नव्हते.

"मले लेकरू झालंच नाही त? मंग तुमी माह्या हातची कधीच खाणार नाही?"

 मी थांबले.  तुम्ही पिशवी उचललीत. आणि मी ती भाकर तुमच्या पायांपुढं अंगणात भिरकावली. पुन्हा ह्या घरी येऊ नका म्हणाले. तुम्ही वाकून ती उचललीत, धूळ झटकलीत, ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवलीत आणि फाट्याकडं चालू लागलात. मी हाक मारली नाही. त्याचं मला काय वाटतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हीही मला काही सांगितलं नाहीत.

नंतर निरोप आला तो ताप डोक्यात गेल्याचा. दोन दिवस अंगावर काढून तुम्ही चुलीपुढं उभे होतात म्हणे. मी पोचले तेव्हा तुमचे डोळे उघडे होते पण त्यात मी नव्हते.

तुमच्या नावानं वंदना होते त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी पहाटेच उठले. रिठदहून नव्या ज्वारीचं पीठ आणलं होतं, कालचंच दळलेलं. तुमच्याच चुलीवर, तुमच्याच तव्यावर पाच भाकरी केल्या. बोर्डिंगच्या पोरांबरोबर काढलेला तुमचा फोटो भिंतीपाशी ठेवला होता, त्याच्यापुढं मी ताट मांडलं. आता तरी, म्हटलं. आता कुठं उठून जाल? तेवढ्यात शालिक आला. तुमच्या बोर्डिंगात दुष्काळाच्या साली होता तोच, आता अनसिंगला शाळेवर मास्तर आहे. वंदना त्यालाच म्हणायची होती. तो ताटाकडं बघून अवघडला. म्हणाला, ताई, मेलेल्यापुढं पान नका ठेवू, मामांनीच हे साऱ्या वस्तीत बंद केलं. तुम्हाला सगळी पोरं मामा म्हणायची. तो खरं बोलत होता. श्राद्ध करणार नाही, पिंड देणार नाही, अशी शपथ घेऊन आला होतात तुम्ही. जिवंत होतात तोवर जुन्या रीतीनं तोंड मिटून बसलात, आणि मेल्यावर नव्या रीतीनं. दोन्ही दारं तुम्हीच लावलीत, बाबा. लेकीला आत यायला एक फट ठेवली नाहीत.

मी ताट उचललं. शालिकनं वरची भाकर हातात घेतली, मधोमध दुमडली, आणि त्याचे डोळे भरले. म्हणाला, मामा असंच करायचे. मी विचारलं काय करायचे?

"तुमच्या घरून भाकरी आल्या का एक हातावर घेये, अशी दुमडे, अन् आमाले म्हने, पाहा रे पोट्टेहो, मोडत नाही. माह्या पोरीची हाये. दर खेपेले. तुमाले सांगतलं नाही त्याइनं?"

मी विचारलं, खायचे का? शालिक म्हणाला, नाही. सगळ्या आम्हाला वाटून टाकायचे आणि मग हात धुवायचे.

हात धुवायचात. कणही राहू नये म्हणून. पण चाळीस परक्या पोरांना सांगायला तुमचं तोंड उघडत होतं. अनसिंगच्या मास्तराला माहीत आहे की माझी भाकर मोडत नाही. कारंज्याच्या, रिसोडच्या, कुठल्या कुठल्या पोरांना माहीत आहे. मला माहीत नव्हतं. मी त्या भिंतीमागं आठ वर्षं धुरात बसून, चुकलं तर काय चुकलं एवढंच ऐकत होते. बरोबर आलं की तुम्ही गप्प व्हायचात. माणूस गप्प बसला म्हणजे तो खूश आहे, हे मी कशावरून ओळखायचं होतं? शालिक मला धीर द्यायला हे सांगत होता. त्याला वाटलं मी सुखानं रडते आहे.

आता माय माझ्याकडं आहे. बोर्डिंगात नवा स्वयंपाकी आला, खोली त्याला दिली. मुलगा तुम्हाला नाही. भाऊबंदांची दारं तुम्ही भांडून बंद केलेली. मग ती जाणार कुठं? ह्याचा कधी विचार केला होता का? लेकीच्या घरचं खायचं नाही असा नेम धरणाऱ्या माणसाला एकच लेक आहे, आणि त्याच्या बायकोला उद्या तिच्याच दारात यायचं आहे, हे एवढं साधं गणित तुम्हाला सुटलं नाही.

ती आली आणि ओट्यावर बसली. तुमच्याच जागेवर, तशीच भिंतीला पाठ लावून. सासूबाई स्वतः बाहेर आल्या, विहीणबाई, हातपाय धुवा, जेवून घ्या म्हणाल्या. माय म्हणाली भूक नाही. तिकडून कौसाबाईचा निरोप आला, पान वाढलं आहे. माय उठली. मी आत चुलीपुढं होते, पण मला तिच्या बांगड्यांचा आवाज आला आणि मी पिठाच्या हातानिशी बाहेर धावले. मी तिच्या वाटेत उभी राहिले. म्हटलं, कौसाबाईकडं जायचं असेल तर तिथंच राहा, परत येऊ नको. तेच शब्द, बाबा. तुमच्यानंतर मी काही शिकले नव्हते.

 माय परत ओट्यावर खाली बसली आणि तिनं मला ते सांगितलं जे तुम्ही सांगायला हवं होतं. माझ्या आत्याचं. तुमच्या बहिणीला तुमच्या बापानं दोन पोती ज्वारीवर एका म्हाताऱ्याला दिली होती. आणि मग दरसाल तिच्या घरी जाऊन, मांडी ठोकून जेवायचा. तुम्ही लहान होतात, बरोबर जायचात. ती वाढायची आणि तुमच्याकडं बघायची. एका साली ती वाढायला उरली नव्हती.

मायला हे माहीत होतं. सगळी वर्षं. मला सांगू नको म्हणून तुम्ही तिला बजावलं होतं. कशासाठी? हे कळलं असतं तर मी तांब्या पुढं केला नसता. भिरकावली नसती ती भाकर. मी तुमच्याशेजारी ओट्यावर बसले असते. तुम्ही काय समजलात, मला झेपलं नसतं? शाळेत पहिली आलेली पोर होते मी तुमची.

माय पदरानं तोंड पुसून म्हणाली, "त्याच्या बापानं इकली, म्हनून तो उपाशी राह्यला. मी त कोनाले इकलं नाही. वाढ मले."

आणि ती उंबरा ओलांडून आत आली. सासूबाईंनी पाट दिला. मी तव्यावरची काढून तिच्या ताटात वाढली, वर वरण घातलं. तुमच्या हातासारखी झाली आहे का, हे मी विचारलं नाही. मान खाली घालून ती खात राहिली. शेवटच्या तुकड्यानं तिनं ताट पुसून घेतलं आणि ते माझ्यापुढं सरकवलं.

"आजूक एक," म्हणाली.

बाबा, आठ वर्षं मी हे दोन शब्द ऐकायला चूल फुंकली. ते तुम्ही म्हणायचे होते.